हॉलिवूडचे हिशेबनीस आणि त्यांचा संघ

पेशवाईच्या दप्तराशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांना फडणीस, मुजुमदार, पोतनीस, कुळकर्णी या नावांची थोरवी निराळी सांगावयास नको. तलवार गाजविणाऱ्याचे नाव बखरीत येते. परंतु त्या तलवारीचा, घोड्याच्या चंदीचा आणि शिलेदाराच्या रोजमुऱ्याचा मेळ ज्याने घातला, त्याचे अक्षर दप्तराच्या रुमालातच बांधलेले राहते. या लेखणीच्या धन्यांविषयी एक प्रश्न मात्र लोकांच्या मनात पूर्वापार आहे. कुळकर्णी हा गावचा की सरकारचा? रयतेत राहून रयतेचा हिशेब जो सरकारास देतो, त्याची गणना कोणत्या बाजूस करावयाची?

हाच प्रश्न विसाव्या शतकात अमेरिकेतील चित्रपटधंद्यात निराळ्या वेषाने उभा राहिला. चित्रपटाचा जमाखर्च ठेवणारा हिशेबनीस हा मालकाच्या विश्वासातला माणूस मानावयाचा, की नेपथ्य उभारणारा सुतार, दिवे लावणारा तारवाला आणि वेशभूषा सांभाळणारा शिंपी यांच्यासारखाच एक कामगार? त्याला कामगारसंघात प्रवेश असावा की नसावा? वरवर पाहता हा प्रश्न कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु जो दुसऱ्याचे वेतन मोजतो, त्याच्या स्वतःच्या वेतनाचा आणि सचोटीचा वाली कोण, असा त्याचा खरा अर्थ आहे.

प्रथम या मनुष्याचे काम काय, ते पाहिले पाहिजे. चित्रपट किंवा दूरचित्रवाणीची मालिका हाती घेतली म्हणजे तिचे अंदाजपत्रक तयार होते. त्यात कथेचे हक्क, लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि प्रमुख नट यांचा खर्च एका रेषेच्या वर, आणि बाकी सर्व कामगार, साहित्य व प्रवास यांचा खर्च त्या रेषेच्या खाली लिहिण्याचा प्रघात आहे. प्रत्येक बाबीस एक खातेक्रमांक असतो. चित्रीकरण सुरू झाल्यावर रोज रात्री दिवसाच्या कामाचा अहवाल कचेरीत येतो. कोण किती वाजता हजर झाला, जेवणाची सुट्टी केव्हा झाली, किती फूट फीत खर्ची पडली किंवा किती दृश्ये पुरी झाली, हे त्यात लिहिलेले असते. हिशेबनीस आणि त्याचे साहाय्यक त्यावरून हजेरीपत्रके ताडून पाहतात, पगारपत्रक करतात, मागणीपत्रे खाती घालतात, किरकोळ रोकडीच्या पाकिटांतील पावत्यांचा मेळ बसवितात. आठवड्याच्या अखेरीस खर्चाचे पत्रक तयार होते. आजवर किती खर्च झाला, किती खर्चास आपण बांधले गेलो आहो, काम पुरे होईपर्यंत आणखी किती लागेल, आणि मूळ अंदाजाशी ताडता तूट किती, असे चार रकाने त्यात असतात. यांतील तिसरा रकाना सर्वांत कठीण. झालेला खर्च कोणीही बेरजेने काढील; व्हावयाचा खर्च सांगण्यास धंद्याची नाडी कळावी लागते, आणि तो आकडा निर्मात्यास अप्रिय असला तरी लिहिण्याचे धैर्यही लागते.

गंमत अशी की, संघांनी मिळविलेल्या प्रत्येक सवलतीची आकडेमोड याच माणसाला करावी लागते. कामास लागल्यापासून सहा तासांच्या आत कामगारांना जेवावयास सोडले नाही, तर मालकाने दंड भरावा, असा करार आहे. तो दंड प्रत्येकाच्या नावे हिशेबनीस मांडतो. दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती मिळाली नाही, तर त्याची भरपाईही तोच मांडतो. आणि हे मांडीत असता कित्येकदा त्याचा स्वतःचा डबा टेबलाच्या कोपऱ्यावर तसाच पडलेला असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अमेरिकेतील रंगभूमीच्या पडद्यामागील कामगारांचा संघ १७ जुलै १८९३ रोजी न्यूयॉर्क येथे अकरा शहरांच्या प्रतिनिधींनी स्थापन केला. पुढे चित्रपट आल्यावर त्याने चित्रपटांतील कारागिरांनाही आपल्यात घेतले. हाच आज 'आयाट्सी' या आद्याक्षरी नावाने ओळखला जाणारा संघ होय. २९ नोव्हेंबर १९२६ रोजी मोठ्या चित्रसंस्था आणि पाच संघ यांच्यात स्टुडिओंचा मूलभूत करार झाला. त्यात रंगमंच-कामगार, सुतार, वीजकामगार, रंगारी आणि वादक हे होते. कचेरीत बसणाऱ्याचा त्यात मागमूसही नव्हता. ज्याच्या हातात हातोडा तो कामगार, आणि ज्याच्या हातात टाक तो साहेबाचा माणूस, ही समजूत दोन्ही पक्षांना सारखीच मान्य होती.

या समजुतीचा पहिला कस १९३३ साली लागला. महामंदीने देश ग्रासला होता. मार्चच्या आरंभी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी साऱ्या बँका काही दिवस बंद ठेविल्या आणि चित्रसंस्थांनी आठ आठवड्यांसाठी वेतनात निम्म्यापर्यंत कपात करण्याचा निर्णय जाहीर केला. संघटित कारागिरांनी ही कपात साफ नाकारली. १३ मार्च रोजी स्टुडिओंचे काम थांबले, आणि त्यांना कपातीतून सूट मिळाली. अगदी अल्प वेतनाच्या नोकरांना वगळण्यात आले. बाकी ज्यांच्या पाठीशी संघ नव्हता, त्यांनी ती मुकाट्याने सोसली.

कपात केव्हा संपवावी, हे ठरविण्यासाठी प्राईस वॉटरहाऊस या हिशेबतपासनिसांच्या पेढीस चित्रसंस्थांच्या वह्या तपासण्याचे काम देण्यात आले. ज्या संस्थेची स्थिती पूर्ण वेतन देण्यासारखी आहे असे तपासनीस सांगतील, तिने ते द्यावे, असे ठरले होते. परंतु वॉर्नर ब्रदर्सचे प्रमुख हॅरी वॉर्नर यांनी ठरल्या वेळी पूर्ण वेतन सुरू करण्याचे नाकारले, आणि त्यांच्या निर्मितीचे सूत्रधार डॅरिल झॅनक यांनी दिलेला शब्द मोडला म्हणून एप्रिलमध्ये राजीनामा दिला. आकडा खरा असला तरी त्याच्यामागे कोणाचे तरी बळ असल्यावाचून तो अमलात येत नाही, हा धडा त्या वसंत ऋतूत हॉलिवूडला मिळाला. लेखकांचा संघ त्याच वर्षी नव्याने उभा राहिला, नटांचा संघही त्याच वर्षी स्थापन झाला.

संघ म्हटला की सारे शुद्धच असते, असे मात्र नव्हे. १९३४ साली आयाट्सीचे अध्यक्षपद जॉर्ज ब्राउन यांच्याकडे गेले आणि त्यांच्या जोडीस शिकागोच्या गुंडांच्या टोळीशी संबंध असलेला विली बायॉफ आला. संपाची भीती घालून या दोघांनी मोठ्या चित्रसंस्थांकडून दरसाल ५०,००० आणि लहान संस्थांकडून २५,००० डॉलर उकळण्यास प्रारंभ केला. सभासदांच्या वेतनावरही दोन टक्क्यांची विशेष पट्टी बसली. ही गोष्ट उजेडात येण्यास अनेक माणसे कारण झाली. पण तिचा एक मोठा पुरावा हिशेबाचाच होता. ट्वेन्टिएथ सेंचुरी-फॉक्सचे प्रमुख जोसेफ शेंक यांनी बायॉफला दिलेला एक लाख डॉलरांचा चेक सरकारच्या करखात्याच्या हाती लागला. शेंक यांना कर चुकविल्याबद्दल १९४१ साली शिक्षा झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राउन यांना आठ व बायॉफला दहा वर्षांची सजा सुनावण्यात आली. माणसे धाकाने गप्प बसली, तरी चेक गप्प बसला नाही. ज्या संघाच्या पुढाऱ्यांचे पाप हिशेबाने बाहेर काढले, त्याच संघाच्या आश्रयास पुढे हिशेबनीस जावयाचे होते, हा इतिहासातील एक चमत्कारिक योग म्हटला पाहिजे.

इकडे ५ जुलै १९३५ रोजी वॅग्नर कायदा झाला. कामगारांना आपल्या पसंतीचा संघ निवडण्याचा हक्क त्याने दिला आणि त्याची अंमलबजावणी करण्यास राष्ट्रीय मंडळ नेमले. एप्रिल १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविल्यावर कारखान्यांप्रमाणे कचेऱ्यांतही जागृती झाली. हॉलिवूडमधील लघुलेखक, टंकलेखक, कारकून, हिशेब लिहिणारे अशा नोकरांनी 'स्क्रीन ऑफिस एम्प्लॉईज गिल्ड' नावाचा संघ उभारला. तो रंगाऱ्यांच्या राष्ट्रीय संघाची शाखा बनला आणि हर्बर्ट सॉरेल यांच्या नेतृत्वाखालील 'कॉन्फरन्स ऑफ स्टुडिओ युनियन्स' या नव्या आघाडीत सामील झाला. टाक आणि ब्रश एका पंक्तीस बसले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

दुर्दैवाने ही आघाडी ज्या कलहात सापडली, तो कारकुनांचा नव्हताच. अवघ्या ७७ नेपथ्यसजावटकारांचे प्रतिनिधित्व कोणी करावे, या वादावरून १२ मार्च १९४५ रोजी संप सुरू झाला. सुमारे साडेदहा हजार माणसे बाहेर पडली. आयाट्सी विरोधी बाजूस होता. सात महिने हा संप चालला. ५ ऑक्टोबर रोजी बरबँक येथील वॉर्नर स्टुडिओच्या दारात संपवाल्यांवर पाण्याचे फवारे, अश्रुधूर आणि लाठ्या यांचा मारा झाला. तो दिवस 'काळा शुक्रवार' म्हणून प्रसिद्ध आहे. तडजोड झाली; पण सप्टेंबर १९४६ मध्ये पुन्हा टाळेबंदी आली आणि तीतून ती आघाडी पुन्हा सावरली नाही. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने संघांच्या पुढाऱ्यांकडून आपण कम्युनिस्ट नाही अशी प्रतिज्ञापत्रे मागितली, तेव्हा उरलेसुरले बळही ओसरले. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने जानेवारी १९४५ मध्ये कचेरी-नोकरांच्या स्वतंत्र राष्ट्रीय संघास सनद दिली होती. त्याच्या १७४ क्रमांकाच्या शाखेकडे पुढे स्टुडिओंतील कायम कारकुनांचे प्रतिनिधित्व आले.

येथपर्यंत प्रश्न बळाचा होता. यापुढे तो तत्त्वाचा झाला. टॅफ्ट-हार्टली कायद्याने देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना संघाच्या संरक्षणातून वगळले. व्यावसायिक ज्ञान असणाऱ्या नोकरांना इतरांच्या गटात घालावयाचे, तर त्यांचे निराळे मत घेऊन बहुमत मिळविले पाहिजे, असेही ठरविले. मालकपक्षाचा आणखी एक आक्षेप होता: सर्वांचे पगार ज्याला ठाऊक, कोणत्या नटाशी किती रकमेचा करार झाला हे ज्याच्या कपाटात, तो मनुष्य संघात गेला तर मालकाची गुपिते सुरक्षित कशी राहतील?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला उत्तर मिळाले ते चित्रपटधंद्याबाहेरच्या खटल्यांतून. १९५६ साली बी. एफ. गुडरिच या रबरी मालाच्या कंपनीच्या प्रकरणात राष्ट्रीय मंडळाने स्पष्ट केले की, कामगारविषयक धोरण जे ठरवितात आणि अमलात आणतात, त्यांचा जो विश्वासू साहाय्यक, तेवढाच या कारणासाठी वगळावा. १९८१ साली हेंड्रिक्स परगण्यातील वीजपुरवठा संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हीच कसोटी उचलून धरली. तात्पर्य असे की, केवळ पैशाची गुपिते ठाऊक असल्याने कोणी संघास अपात्र होत नाही. संघाशी वाटाघाटी करताना मालकाचा डाव काय, हे ज्याला कामाच्या ओघात ठाऊक असते, त्याचीच गोष्ट निराळी. गुप्तता पाळणे हे कर्तव्य आणि संघात असणे हा हक्क, हे दोन्ही एका माणसाच्या ठायी नांदू शकतात, एवढी साधी गोष्ट ठरावयास इतकी वर्षे लागली.

संघाची ढाल नसलेल्या माणसाला सत्य बोलणे किती महाग पडते, याचे एक उदाहरण त्याच सुमारास घडले. फेब्रुवारी १९७७ मध्ये क्लिफ रॉबर्टसन या ऑस्करविजेत्या नटास करासंबंधी एक कागद आला. मागील वर्षी कोलंबिया पिक्चर्सकडून त्याला १०,००० डॉलर मिळाल्याचे त्यात लिहिले होते. ती रक्कम त्याला मिळालीच नव्हती. चौकशी करता, संस्थेचे प्रमुख डेव्हिड बेगलमन यांनी खोट्या सहीने तो चेक वटविल्याचे निष्पन्न झाले, आणि पुढे न्यायालयात त्यांनी आरोप नाकारला नाही. परंतु ज्याने ही गोष्ट उघड केली, त्या रॉबर्टसन यांना त्यानंतर काही वर्षे काम मिळणे दुरापास्त झाले. एवढ्या नामांकित नटाची ही कथा. तर साहेबाने पुढे केलेल्या पावतीवर 'ही खाती पडणार नाही' असे म्हणणाऱ्या साहाय्यक हिशेबनिसाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? हिशेबनिसाच्या धंद्यात सर्वांत मोलाचा शब्द 'नाही' हा असतो, आणि तो उच्चारणाऱ्याची नोकरी टिकली तरच त्या शब्दाला मोल राहते.

दरम्यान धंद्याचे स्वरूपही पालटले. मे १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्याचा निर्णय दिला. त्यामुळे चित्रसंस्थांना आपली चित्रगृहे सोडावी लागली. शेकडो माणसे बारमाही पगारावर ठेवणारी जुनी व्यवस्था हळूहळू मोडली आणि प्रत्येक चित्रपटापुरती माणसे गोळा करण्याची पद्धत आली. स्टुडिओच्या कचेरीत वर्षानुवर्षे एकाच खुर्चीवर बसणारा हिशेबनीस आता चित्रपटामागून चित्रपट, गावामागून गाव हिंडू लागला. पहिला दृश्यखंड चित्रित होण्यापूर्वी कित्येक आठवडे त्याचे काम सुरू होते आणि सर्वजण घरी गेल्यावरही त्याचे टेबल मांडलेलेच असते. पुढे जॉर्जियासारख्या राज्यांनी चित्रनिर्मितीस करसवलती देऊ केल्या. त्यांचे दावे पै-पैचा पुरावा मागतात. तेव्हा हे ओझे आणखी वाढले.

अशा फिरत्या माणसाला मासिक पगारापेक्षाही एका गोष्टीची निकड असते: दोन कामांच्या मधल्या काळात आजारपण आले तर काय? चित्रपटधंद्यातील संघांनी मालकांकडून निवृत्तिवेतन आणि आरोग्यनिधी यांची सामाईक योजना मिळविली आहे. तीत कामाच्या तासांगणिक मालक वर्गणी भरतो. प्रथम ६०० तास आणि पुढे दर सहामाहीस ४०० तास भरले की सभासदाच्या कुटुंबाला औषधपाण्याचे संरक्षण मिळते, असा तेथे नियम रूढ झाला. हे तास कोण मोजतो? हिशेबनीस. संघाबाहेर असता त्याने साऱ्या तांड्याचे तास मोजावे आणि स्वतःच्या तासांना मात्र काही मोल नसावे, ही विसंगती फार काळ टिकणारी नव्हती.

ज्या संघशाखांत त्यांना जागा मिळाली, त्यांची नावेच त्यांचा इतिहास सांगतात. लॉस एंजेलिस येथील आयाट्सीची ८७१ क्रमांकाची शाखा ही मुळात चित्रीकरणाचे सातत्य राखणाऱ्या 'स्क्रिप्ट सुपरवायझर' मंडळींची. यांना पूर्वी सरसकट 'स्क्रिप्ट गर्ल' म्हणत. त्यांच्यामागून निर्मिती-कचेरीचे समन्वयक आणि हिशेबनीस आले. न्यूयॉर्क येथील १६१ क्रमांकाच्या शाखेतही याच तीन वर्गांची मोट बांधलेली आहे. कॅनडात १९६२ साली स्थापन झालेल्या दिग्दर्शकांच्या संघाने हिशेबनिसांना आपल्या छत्राखाली घेतले आहे. जे सारे कागदावर काम करतात आणि ज्यांच्यावाचून कॅमेरा हलत नाही, ते एकत्र आले, असे यांचे वर्णन करता येईल.

या कामांत स्त्रियांचे प्रमाण पहिल्यापासून मोठे. म्हणूनच ८७१ क्रमांकाच्या शाखेने २०१८ साली एक अहवाल प्रसिद्ध करविला आणि ज्या कामांना पिढ्यान्‌पिढ्या 'बायकी कारकुनी' समजले गेले, त्यांचे दर तेवढ्याच जबाबदारीच्या इतर कामांच्या मानाने कमी कसे राहिले, हे दाखविले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयाट्सीच्या सभासदांनी विश्रांतीच्या तासांसाठी आणि अल्पवेतनी वर्गांसाठी संपास संमती दिली. मतदान सुमारे ९० टक्के झाले आणि त्यांतील ९८ टक्के अनुकूल होते. संप टळला, रोजच्या कामानंतर दहा तासांची विश्रांती करारात आली. परंतु करार मान्य करण्याचे मतदान इतके अटीतटीचे झाले की, सभासदांची मते जवळजवळ सारखी विभागली गेली. त्यामानाने २०२४ चा करार शांततेने पार पडला. त्यात तीन वर्षांसाठी अनुक्रमे ७, ४ आणि ३.५ टक्क्यांची वाढ ठरली आणि सुमारे ८६ टक्के सभासदांनी त्यास अनुमती दिली.

चित्रपटधंद्याचे माहेरघर असलेल्या मुंबईच्या वाचकास येथे आपल्याकडील स्थितीची आठवण होणे स्वाभाविक आहे. भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत हातकामाबरोबर कारकुनी कामाचाही प्रथमपासून समावेश केला. मुंबईत चित्रपट-कामगारांच्या निरनिराळ्या संघटनांचा महासंघ १९५६ साली स्थापन झाला. परंतु १९८१ च्या चित्रपट-कामगार कायद्याने व्याख्या केली, तीत कुशल, अकुशल, हातकामाचे, देखरेखीचे, तांत्रिक, कलात्मक अशी सारी विशेषणे आली आणि कारकुनीचा उल्लेख तेवढा राहून गेला. त्याला 'अथवा अन्य प्रकारचे' या शब्दांच्या आसऱ्याने उभे राहावे लागले. हे दोन्ही कायदे आता नव्या कामगार संहितांत विलीन झाले आहेत. तरी एवढ्या एका शब्दाच्या अभावावरून लक्षात येते की, लेखणीवाल्याला विसरण्याची खोड केवळ परक्यांचीच नव्हे.

मूळ प्रश्न असा होता की, हिशेबनीस कोणाचा? या शंभर वर्षांच्या हकिकतीवरून त्याचे उत्तर असे निघते की, तो प्रथम हिशेबाचा. मालकाचा आकडा मालकास गोड वाटावा म्हणून बदलावयाचा नाही, आणि कामगाराचा आकडा कामगारास गोड वाटावा म्हणूनही वाढवावयाचा नाही, हाच त्याचा धर्म. परंतु धर्म पाळणाऱ्यालाही पोट असते, मुलेबाळे असतात, आणि आजारपण त्याचा दरवाजा चुकवीत नाही. ज्याच्या उद्याच्या भाकरीची शाश्वती एका साहेबाच्या मर्जीवर आहे, त्याच्याकडून निःपक्षपाती आकड्याची अपेक्षा करणे, म्हणजे तराजूचे एक पारडे हाताने दाबून धरून खरे वजन मागण्यासारखे आहे. संघाने हिशेबनिसाला कामगारांच्या बाजूचा केला, असे मालकांना वाटले. वस्तुतः त्याने त्याला ताठ मानेने हिशेबाच्या बाजूस उभे राहण्याची सोय करून दिली. चित्रपट संपल्यावर सरकत जाणाऱ्या नामावळीत अगदी अखेरीस, प्रेक्षक खुर्च्या सोडून उठू लागलेले असता, त्याचे नाव येते. ते कोणी वाचले नाही तरी चालेल. त्याने मांडलेली बेरीज मात्र बरोबर असली पाहिजे.